ईपीआय (स्वादुपिंड पाचक एन्झाइम पुरेसे बनवत नाही तो आजार): एन्झाइम सुरू करून सहा आठवडे झाले, शी अजून बांधून येत नाही. चुकतंय कुठे?

करवीरकर

जर्मन शेफर्ड, नर, वय अडीच वर्षं. हाडापेराने 32 किलोचा असायला हवा, भरतो 21.5. उपाशीपोटी टीएलआय (स्वादुपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.4, बी-12 मोजमापाच्या खालच्या टोकाच्याही खाली, फोलेट वरच्या मर्यादेच्या वर. रक्तातले अमायलेज-लायपेज (अनुक्रमे स्टार्च आणि चरबी पचवणारे एन्झाइम) नॉर्मल. शीच्या एका नमुन्यात जंत नाहीत.

सध्या हे चालू आहे: पॅन्क्रिएटिनची (स्वादुपिंडाच्या एन्झाइमचं औषध) 10,000 युनिटची एक कॅप्सूल, दिवसातून दोनदा, फोडून जेवणावर. जेवण म्हणजे भात, उकडलेलं चिकन (कातडी आणि हाडं काढून) आणि वाटीभर शिजवलेला लाल भोपळा. तेल-तूप पूर्ण बंद. जेवणानंतर पाचक सिरप एक चमचा. मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाचे सात-सात दिवसांचे दोन कोर्स झाले. गोळी चालू असेपर्यंत शी बरी असते, बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

आजची स्थिती: दिवसाला चार-पाच वेळा शी, पिवळट-राखाडी, तुपकट, शेणाच्या पोसारखी पसरलेली. पोट सतत गुरगुरतं. भूक राक्षसी. स्वतःचीच शी खायला धावतो. सहा आठवड्यांत वजन वाढलं ते फक्त 600 ग्रॅम.

विचारायचं आहे ते असं: डोस कमी पडतोय, का आहार चुकतोय, का प्रतिजैविक आणखी लांबवायला हवं? आणि बी-12 तोंडाने द्यावं की इंजेक्शनने?

---

वैद्यमामा

टीएलआय 2.5 किंवा त्याखाली आला की ईपीआय पक्का. 1.4 मध्ये शंकेला जागा नाही आणि ही तपासणी परत करायचीही गरज नाही. ज्यांचा आकडा 2.5 च्या थोडा वर येतो त्यांनी महिनाभराने पुन्हा करावी. अमायलेज-लायपेज नॉर्मल आल्यावर बरेच जण 'स्वादुपिंड ठीक आहे' म्हणून मोकळे होतात. या आजारात त्या दोन आकड्यांना काडीची किंमत नाही. टीएलआयसुद्धा खास कुत्र्यांचाच हवा; माणसांच्या लॅबमधल्या किटवर तो होत नाही.

आता डोसचा हिशोब. शेफर्डमध्ये या आजाराचं नेहमीचं कारण म्हणजे स्वादुपिंडातल्या एन्झाइम बनवणाऱ्या पेशीच झिजून जाणं. लक्षणं दिसायला लागतात तेव्हा सुमारे 90 टक्के क्षमता संपलेली असते. म्हणजे घरातलं कोठार रिकामं आहे, सगळा माल बाहेरून आणायचाय. कुत्र्यांसाठी जी उघडी पावडर मिळते तिच्या एका सपाट चमच्यात, म्हणजे अंदाजे 2.8 ग्रॅममध्ये, लायपेजची साधारण 70,000 युनिटं असतात आणि सुरुवातीचा डोस असतो दर 10 किलोला एक चमचा, प्रत्येक जेवणाला. तुमच्या कुत्र्याला तो दोन चमचे, म्हणजे सुमारे 1,40,000 युनिटं बसतो. तुम्ही देताय 10,000. हंडाभर पाण्याला चिमूटभर तुरटी झाली ही.

अर्थात थेट तुलना करू नका. उघड्या पावडरीतलं बरंचसं लायपेज जठरातल्या आम्लात मरतं, म्हणून तिचा डोस फुगवलेला असतो. कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लरोधक लेप असतो, त्यामुळे कमी युनिटांत काम भागू शकतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलून 25,000 च्या दोन कॅप्सूल प्रत्येक जेवणाला, इथून सुरुवात करा. कुत्र्यांत लेपवाल्या दाण्यांची एक अडचण असते: काहींच्या जठरात दाणे मागे रेंगाळतात आणि अन्न पुढे निघून जातं. दोन आठवडे पूर्ण डोस नीट देऊनही फरक पडला नाही तर उघडी पावडर मागवून बघायची. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, म्हणून आधी कॅप्सूल.

देण्याची पद्धत डोसइतकीच महत्त्वाची, आणि माझा संशय इथेच जास्त आहे. भात वाफाळता असताना कॅप्सूल फोडताय का? एन्झाइम हे प्रथिन आहे, गरम अन्नात ते कामातून जातं. ताटलीच्या मधोमध बोट खुपसून बघा. बोटाला ऊब लागली तरी थांबा. वरून गार, आतून गरम अशी भाताची ढेकळं फसवतात.

दुसरं, दाणे चुरायचे नाहीत. लेप फुटला की आम्लात मेलेच समजा. तिसरं, दाणे मिसळून ताटली ठेवून द्यायची नाही. हा लेप कमी आम्ल असलेल्या ओल्या अन्नात हळूहळू विरघळतो, तेव्हा भात-चिकनात अर्धा तास राहिले की लेप ताटलीतच गळून पडतो. दुधातही तेच होतं. एक मोठा चमचा आंबटसर दही घ्या, दाणे त्यात कालवा, ते जेवणावर पसरा आणि लगेच ताटली पुढे करा. दह्याच्या आंबटपणात लेप टिकतो. उघड्या पावडरीचं तंत्र वेगळं: ती गार अन्नात थोडं पाणी घालून सगळीकडे लागेल अशी कालवायची. अन्न आधी वीस मिनिटं भिजत ठेवायचा सल्ला जुना आहे, त्याने पचन सुधारतं असं दिसलेलं नाही. पावडर ओली झाल्याने तोंडाला कमी लागते, एवढाच त्याचा फायदा.

पाचक सिरप आजच बंद करा. बाटलीवर वाचलंत तर बहुतेक फंगल डायस्टेज, पपेन किंवा पेप्सिन असेल. लायपेज नाहीच, आणि तुमच्या कुत्र्याची खरी बोंब चरबी पचत नाही ही आहे.

---

वाटीकाटा

वरचं सगळं मान्य. आता ताटलीकडे येते.

भोपळा काढा. जुलाब म्हटलं की भोपळा, नाहीतर इसबगोल, हा सल्ला मोठ्या आतड्याच्या तक्रारीला कधी लागू पडतो. ईपीआयमध्ये तंतू एन्झाइमच्या कामात आडवे येतात आणि शीचा ढीग वाढवतात. त्याच न्यायाने ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, सालीची डाळ, हातसडीचा तांदूळ, गाजर हे सगळं बाद. कुत्र्यांच्या तयार खाद्याचे दाणे देणार असाल तर पाकिटावर कच्चा तंतू 3 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असलेले घ्या आणि कोमट पाण्यात भिजवून, निववून द्या.

तेल-तूप पूर्ण बंद करायचीही गरज नाही. कमी चरबीचा नियम स्वादुपिंडाला सूज येते त्या आजाराचा, आणि लोक दोन्ही आजार एकाच पिशवीत घालतात. झिजलेल्या स्वादुपिंडाला पुरेसं लायपेज बाहेरून मिळालं की मध्यम चरबी पचते. त्याशिवाय साडेदहा किलो वजन भरून यायला कॅलरी आणायच्या कुठून? ज्याला ईपीआयच मुळात स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेतून झालाय, त्याने मात्र चरबी जपूनच खावी. शेफर्डमध्ये तसं क्वचित असतं.

गणित असं. हव्या असलेल्या वजनाची, म्हणजे 32 किलोची, विश्रांतीची गरज सुमारे 940 कॅलरी. त्याला 1.6 ने गुणलं की 1,500. दिवसाच्या 1,500 कॅलरींचा साधा डबा:

पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ, कच्चा मोजून 180 ग्रॅम
बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन, कच्चं मोजून 470 ग्रॅम
उकडलेली अंडी 2
शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल, 3 लहान चमचे
अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, 4 ते 5 ग्रॅम

तांदूळ कच्चा मोजायला सांगतेय त्याला कारण आहे. भात गुरगुट्या, बोटांत विरघळेल असा करायचा. त्यात पाणी इतकं असतं की शिजलेल्या भाताचं वजन काहीच सांगत नाही. मोकळा भात 500 ग्रॅम दिला तर 650 कॅलरी, तेवढ्याच वजनाचा गुरगुट्या भात दिला तर त्याच्या निम्म्यासुद्धा नसतील. 'वाट्या वाढवल्या तरी वजन वाढत नाही' म्हणणाऱ्यांपैकी काहींची चूक नेमकी इथे असते.

टरफलं दहा मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा, मिक्सरमध्ये पिठासारखी करा आणि चाळा. घरच्या भात-चिकनात कॅल्शियम नसल्यातच जमा असतं, म्हणून ही पूड टाळू नका. जस्त, आयोडीन, तांबं, ई आणि डी जीवनसत्त्व या डब्यात तरीही कमीच पडतात. पहिले सहा-आठ आठवडे चालेल. पुढे हाच डबा ठेवायचा असेल तर कुत्र्यांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एकदम 1,500 वर उडी नको. पहिला आठवडा पाऊण मापाने, मग दर तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण माप. दोनाऐवजी तीन जेवणं करा. तीन केलीत तर सुरुवातीला प्रत्येक जेवणाला वर सांगितलेला पूर्ण डोस ठेवा. काटकसर नंतर.

आणि घरात सगळ्यांना दम भरा. एन्झाइमशिवाय पोटात गेलेला प्रत्येक घास न पचता खाली जातो आणि तिथल्या जिवाणूंची पंगत बसते. सकाळचं चहातलं बिस्किट, आजीच्या हातचा पोळीचा तुकडा, सोसायटीतल्या मांजरीची वाटी, सगळं त्यात आलं. दिवसभर 'इतकं करूनही' म्हणत बसणाऱ्या घरात गुन्हेगार बहुधा जेवणाच्या टेबलाखाली सापडतो. बक्षीस द्यायचंच असेल तर चिकनचा तुकडा जेवणाच्या ताटलीतूनच काढून द्या, जेवणाच्या वेळीच.

---

मेडिकल_काउंटर

बी-12 बद्दल लिहितो. माणसात बी-12 शोषायला लागणारा 'इंट्रिन्सिक फॅक्टर' जठर बनवतं. कुत्र्यात तो मुख्यतः स्वादुपिंड बनवतं. स्वादुपिंडच गेल्यावर तोही गेला, आणि पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूलमध्ये तो नसतो. म्हणून एन्झाइम कितीही द्या, बी-12 वेगळं द्यावंच लागतं. बी-12 तळाला असताना आतड्याचं अस्तर भरून येत नाही, आणि मग एन्झाइम बरोबर असूनही गाडी अडते.

इंजेक्शनची नेहमीची पद्धत: आठवड्यातून एकदा, सलग सहा आठवडे, मग महिन्याने एक, आणि त्यानंतर महिन्याने रक्ततपासणी. तुमच्या कुत्र्याच्या वजनाला एका वेळी 800 मायक्रोग्राम, कातडीखाली. बाटलीवरची तीव्रता वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका: 500 मायक्रोग्राम प्रति मि.लि. असेल तर 1.6 मि.लि., 1000 असेल तर 0.8 मि.लि. तोंडाने द्यायचं तर 20 किलोच्या वरच्या कुत्र्याला रोज 1000 मायक्रोग्राम, 12 आठवडे. डोस मोठा असला की थोडा भाग इंट्रिन्सिक फॅक्टरविनाही झिरपतो, म्हणून तोंडाचा मार्गही चालतो. पण आकडा इतका तळाला असताना माझा कौल इंजेक्शनला.

आता सापळे, आणि हे नीट वाचा. आपल्याकडे काउंटरवर 'बी-12 द्या' म्हटलं की हातात सुटं बी-12 क्वचित पडतं. पडते ती मिथाइलकोबालामिनची (बी-12 चंच एक रूप) मिश्र गोळी. त्यातल्या कित्येक गोळ्यांत अल्फा लायपोइक अॅसिड असतं, ज्याने कुत्र्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि यकृताला इजा होते. काहींत प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध असतं. 'ताकदीची' म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या-इंजेक्शनांत बी-12 बरोबर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असतं. ते कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक. (ज्या औषधाने गिधाडं संपवली तेच हे.) साखरमुक्त सिरप आणि जिभेखालच्या गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असू शकतं, तेही कुत्र्यांना विषारी. पट्टीच्या मागचा बारीक मजकूर पूर्ण वाचा. घटकांत सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन, एवढंच एक नाव हवं. बी-1 आणि बी-6 सोबत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पॅन्क्रिएटिन घेतानाही लायपेजची युनिटं बघूनच घ्या. 10,000 आणि 25,000 च्या डब्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या असतात.

---

शीशास्त्री

प्रतिजैविकाचं कोडं तुमच्याच वर्णनात सुटलेलं आहे. गोळी चालू असताना बरं, बंद केली की चौथ्या दिवशी परत, याचा अर्थ न पचलेल्या अन्नावर जिवाणू पोसले जाताहेत. वर गेलेलं फोलेटही तेच सुचवतं. गोळी त्यांना आठवडाभर दाबते, पण तुम्ही रोज त्यांना जेवण वाढताच आहात. अन्न वर पचायला लागलं की खालची गर्दी बहुतेक वेळा आपोआप ओसरते. म्हणून क्रम असा: आधी एन्झाइमचा डोस आणि पद्धत, त्याच दिवसापासून बी-12, मग आहार. हे सगळं तीन-चार आठवडे काटेकोर करूनही शी पातळच राहिली तरच टायलोसिन किंवा मेट्रोनिडॅझोलचा विषय डॉक्टरांकडे काढायचा. मेट्रोनिडॅझोल लांबवत नेऊ नका. डोस चढला किंवा फार दिवस चाललं तर मेंदूवर परिणाम होतो: तोल जातो, डोळे थरथरतात, मान तिरकी होते. असं काही दिसलं तर गोळी थांबवून थेट दवाखाना.

त्याआधी एक काम राहिलंय. एका नमुन्यात जंत नाहीत म्हणजे जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) नाही असं होत नाही, तो रोज बाहेर पडत नाही. लागोपाठ तीन दिवसांचे नमुने किंवा अँटिजेन चाचणी करा. निघालाच तर फेनबेंडॅझोल हे जंतनाशक 50 मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे 21.5 किलोला 1,075 मि.ग्रॅ., दिवसातून एकदा, पाच दिवस. शी खाणाऱ्या कुत्र्यात तो पुन्हा पुन्हा होतो, म्हणून पडल्या पडल्या उचला. ती खाण्याची सवय उपासमारीतून येते. पचन सुधारलं की पुष्कळदा आपोआप सुटते, त्यासाठी मिरपूड-लिंबू लावण्याचे उद्योग नकोत.

एका वहीत रोज चार रकाने भरा: किती वेळा, किती बांधीव, रंग, आणि त्या दिवशी जेवणाबाहेर काय पोटात गेलं. बांधीवपणाला 1 ते 7 अंक द्या. 1 म्हणजे लेंडीसारखी खडखडीत, 2 म्हणजे उचलली तर जमिनीवर डाग राहत नाही, 4 म्हणजे आकार आहे पण उचलताना तुटते आणि डाग राहतो, 7 म्हणजे पाणी. तुमचं आत्ता 5 ते 6 आहे. रंग आधी सुधारतो, आकार नंतर. पिवळट-राखाडीची तपकिरी झाली की समजा लायपेज पोचतंय. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. आठवड्याला अर्धा ते एक किलो वाढ होत असेल तर काहीही बदलू नका, हात शिवशिवले तरी.

एका वेळी एकच बदल, ही अट मोडली की वहीचा उपयोग संपला. अपवाद पहिल्या दिवसाचा: डोस वाढवणं, भोपळा-सिरप काढणं आणि बी-12 हे तिन्ही एकदमच करा, त्यात थांबण्यासारखं काही नाही.

---

करवीरकर

सगळ्यांचे आभार. भात खरोखरच आतून गरम असायचा, आणि कॅप्सूल फोडून ताटली दहा मिनिटं तशीच पडून राहायची. अकरा दिवसांची नोंद: 25,000 च्या दोन कॅप्सूल, तीन जेवणं, दह्यातून. बी-12 ची दोन इंजेक्शनं झाली. शी दिवसाला दोन ते तीन वेळा, तपकिरी, 3 ते 4 अंक. वजन 22.6. जिआर्डियाची चाचणी निगेटिव्ह.

दोन नवे प्रश्न. खालच्या ओठाच्या आतली बाजू लालभडक झाली आहे आणि काल लाळेत रक्ताची रेघ दिसली. डोस जास्त होतोय का? दुसरं, कॅप्सूलचा महिन्याचा खर्च बघता खाटकाकडून कच्चं स्वादुपिंड आणून दिलं तर चालेल का? सुरुवात कशी करायची?

---

वैद्यमामा

ओठ उलटून गालाच्या खोबणीत बघा, दाणे अडकलेले दिसतील. ओल्या तोंडात लेप सुटतो आणि आतलं प्रोटिएज (प्रथिन पचवणारं एन्झाइम) तिथलीच कातडी पचवायला घेतं. जेवण झाल्यावर ओल्या फडक्याने हिरड्या आणि ओठांची आतली बाजू पुसा, वर अर्धी वाटी पाणी पाजा. दही कमी पडत असेल तर दोन चमचे घ्या, दाणे सुटे राहता कामा नयेत. शी 3 ते 4 वर आलीच आहे, तेव्हा एका जेवणाची एक कॅप्सूल कमी करून आठवडाभर बघा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

मात्र रक्त फक्त तोंडातच आहे ना, हे आधी तपासा. पोटावर किंवा कानाच्या आत लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त, काळी शी, यातलं काही असेल तर कॅप्सूलला दोष देत बसू नका. चरबी पचत नसली की के जीवनसत्त्वही शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. आपल्या भागात गोचिडतापाने प्लेटलेट खाली येणंही तितकंच शक्य आहे. दोन्हीची रक्ततपासणी त्याच दिवशी होते.

कच्चं स्वादुपिंड चालतं आणि काम चांगलं करतं. 30 ते 90 ग्रॅम प्रत्येक जेवणाला, तुमच्या कुत्र्याला 60 पासून सुरू करा. शिजवलं की ते नुसतं मांस, एन्झाइम शून्य. अडचण मिळवण्यात आहे. खाटकाला 'स्वादुपिंड' शब्द बहुधा कळणार नाही, आणि भलतीच ग्रंथी बांधून मिळते. जठरातून आतडं निघतं त्या पहिल्या वळणाला चिकटलेली, फिकट गुलाबी, दाणेदार, लांबट पट्टी हवी. गळ्यापाशी किंवा छातीत असते ती थायमस, तिचा उपयोग नाही. बोकडाची फार लहान असते, त्यामुळे रोजचा हिशोब जमवायला बरीच जनावरं लागतात. म्हशीची मोठी मिळते. डुकराची कच्ची देऊ नका, त्यातून कुत्र्याला जीवघेणा विषाणू लागू शकतो.

ताजी असतानाच चरबी काढा, बारीक चिरा, एका जेवणाच्या पुड्या करून लगेच फ्रीझरमध्ये टाका. गोठवलेली तीन महिने टिकते. फ्रीजमध्ये वितळवा, मायक्रोवेव्हमध्ये नको. कच्च्या अवयवातून सालमोनेला जिवाणू आणि हायडॅटिडची (पट्टकृमीच्या पाणीदार गाठी) भीती असते. पाण्याने भरलेली गाठ दिसली की तो पूर्ण तुकडा फेकायचा, कुत्र्याला प्रॅझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध 5 मि.ग्रॅ. प्रति किलो डॉक्टर सांगतील त्या अंतराने, आणि चिरायची पाटी-सुरी स्वयंपाकघरापासून वेगळी. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर या वाटेला जाऊच नका.

---

शीशास्त्री

1.1 किलो वाढ चांगली आहे. ओठासाठी मामांनी सांगितलेली एक कॅप्सूल सोडली, तर आता डोस खाली आणण्याची घाई करू नका. शी सलग तीन-चार आठवडे 2 ते 3 वर टिकली की एकेक कॅप्सूल कमी करत जायचं, प्रत्येक पायरीवर निदान दहा दिवस. ज्या पायरीवर रंग पुन्हा फिका पडेल तिच्या वरची पायरी तुमची कायमची. औषध जन्मभर आहे.

पूर्ण डोसवरही कोणाचं अडलंच तर आणखी एक मार्ग उरतो: उघडी पावडर देणाऱ्यांनी जेवणाआधी अर्धा तास ओमेप्रॅझोल, सुमारे 1 मि.ग्रॅ. प्रति किलो. आम्ल कमी झालं की लायपेज जास्त वाचतं. तुम्हाला आत्ता त्याची गरज दिसत नाही.

लक्षात ठेवायची एक आणीबाणी. ईपीआय असलेल्या शेफर्डमध्ये आतड्याला पीळ पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पोट अचानक फुगलं, नुसते उमाळे येताहेत पण उलटी पडत नाही, हिरड्या पांढऱ्याफटक, कुत्रा उभा राहत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री उघडा असणारा, शस्त्रक्रिया होऊ शकेल असा दवाखाना कोणता, हे आजच शोधून नंबर फ्रीजवर लावा. शेफर्डमध्ये हा आजार आनुवंशिक आहे, तेव्हा या नराची जोडी लावू नका, आणि ब्रीडरला निदान कळवा.

---

करवीरकर

ओठाच्या खोबणीत दाणे सापडले, पुसायला सुरुवात केली. बाकी अंगावर कुठे ठिपके नाहीत. घरात लहान मूल आहे, म्हणून कच्च्याचा विषय सोडून दिला. शेवटचं एक: उघडी पावडर मागवलीच तर इथल्या पावसाळ्यात ठेवायची कशी? फ्रीजमध्ये?

---

मेडिकल_काउंटर

फ्रीजमध्ये नको. दर वेळी गार डबा दमट हवेत उघडला की आत पाणी धरतं, पावडरीचे गोळे होतात आणि एन्झाइम डब्यातच कामाला लागून संपतात. 25 अंशांच्या आत, कोरड्या कपाटात, ओट्यापासून आणि गॅसपासून लांब. मोठा डबा घेतलात तर पंधरा दिवसांची पावडर घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काढा, आत सिलिकाची पुडी टाका आणि ती बरणी संपेपर्यंत मूळ डबा पुन्हा उघडू नका. चमचा कोरडा, आणि ताटलीच्या वाफेवर धरून मोजायचं नाही. मोजताना पंखा बंद करा, तोंडाला मास्क लावा. ही भुकटी नाकात गेली तर झोंबते, दम्याच्या माणसाला तर धाप लागू शकते. गोळे झालेली किंवा कुबट वास येणारी पावडर फेकून द्या, डोस वाढवून भरपाई होत नाही.